कच्च्या वह्यांचं कपाट

मोठ्या बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, पण तो कशावर येतो हे कळायला नव्या मुलांना दोन-तीन महिने लागायचे. पोरांनी दंगा केला, काच फोडली, भर तासाला बाकाखाली डबा उघडला, तरी बाई चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. मात्र कुणी निबंधात ‘आई म्हणजे प्रेमाची मूर्ती’ असं लिहिलं, की खैर नाही.

“मूर्ती? काल तुझ्या शर्टाला बटण कुणी लावलं? मूर्तीनं?”

“नाही बाई, आईनं.”

“मग मला ती बटण लावणारी हवी. तिला घेऊन ये उद्या.”

एक भोळा सांब दुसऱ्या दिवशी खरंच आईला घेऊन आला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या माउलीला मागच्या बाकावर बसवलं आणि वर्गाला सांगितलं, “हिच्याकडे नीट बघा आणि दहा ओळी लिहा. प्रेमळ, कष्टाळू, दयाळू हे तीन शब्द कुणी वापरले तर कान उपटीन.” ती माउली तासभर अवघडून बसली, पण जाताना म्हणाली की एवढं कुणी मला आजवर बघितलं नव्हतं.

बाई एकोणतीस वर्षं भाषा शिकवत होत्या, सहावी आणि सातवीला. नवरा वीजकंपनीतून निवृत्त झालेला. घरोघरी मीटर बघत फिरण्यात त्याची हयात गेली. तो म्हणायचा, “आमच्या घरात दोघंही वाचणारे. मी मीटर वाचायचो, ही पोरं वाचते. मीटरला निदान आकडे तरी असतात.” दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल बाई कधी बोलल्या नाहीत आणि कुणी बोलायला गेलं तर त्याचं तोंड बंद करायची एक नजर त्यांच्याकडे होती.

वाचायला शिकवायची त्यांची रीत साधी होती. पाठ्यपुस्तक पहिला महिना बंद. प्रत्येकानं घरातून छापलेला एक कागद आणायचा: साबणाचं वेष्टण, बसचं तिकीट, औषधाची पट्टी, काहीही. तो उभं राहून वाचायचा आणि हा कागद घरात कुणामुळे आला ते सांगायचं. “पुस्तकातलं वाचता येत नाही म्हणणारं पोर घरातलं वाचतं,” असं त्या म्हणायच्या.

लिहायची रीत मात्र त्यांची एकट्यांची होती. प्रत्येकाला दोन वह्या. पक्की वही तपासायची, तिला गुण. कच्च्या वहीला गुण नाहीत, लाल शाई नाही, शुद्धलेखनाची कटकट नाही. खरं घडलेलं तेवढं तिच्यात लिहायचं. बाई त्याखाली पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहायच्या. ‘दार कुणी उघडलं?’ ‘मग तू कुठे बसलास?’ मूल त्याचं उत्तर लिहायचं, मग आणखी एक प्रश्न. असं करत करत दोन ओळींचं पान भरायचं. बाईंचा नियम एकच: पहिलं वाक्य असं लिही, जे दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. आणि बाईंचा शब्दही एकच: कच्ची वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.

त्या वह्या वर्गाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात राहायच्या. किल्ली लाल नाडीत ओवलेली, नाडी बाईंच्या पर्सच्या पट्ट्याला. वर्ष संपलं की वही घरी न्यायची मुभा होती, पण बहुतेक मुलं म्हणायची, “राहू दे बाई तुमच्याकडेच. घरी कुणीतरी वाचेल.” असं करत कपाट शिगोशीग भरलं होतं. नवरा चेष्टा करायचा, “तू तोंड उघडलंस तर अर्ध्या गावाला तोंड लपवायला जागा उरणार नाही.”

आता धाकट्या बाई. त्यांना धाकट्या म्हणायचे, कारण शाळेत भाषेच्या बाई दोनच, आणि ह्या धाकट्या एकेकाळी मोठ्या बाईंच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायच्या. चुणचुणीत पोरगी. सातवीत तिनं कच्च्या वहीत असं काही लिहिलं होतं, की बाईंनी पहिल्यांदाच खाली प्रश्न लिहिला नव्हता. पुढे ती शिकली, शिक्षिका झाली. तिच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाईंनी तिला घरी बसवून तयारी करून घेतली, स्वतःची चांगली साडी नेसायला दिली, आणि ती लागली तेव्हा बाईंच्या नवऱ्यानं शेजाऱ्यांना सांगितलं, “आमची पोरगी चिकटली.” रोज दुपारी दोघी एका डब्यातून जेवायच्या. पोटची असती तरी याहून वेगळं काय केलं असतं बाईंनी?

गेल्या वर्षी सहावीत एक मुलगी आली. वाचायला उभी केली की ओठ हलायचे, आवाज नाही. पोरांनी दोन दिवसांत तिचं नाव पाडलं, पुटपुटी. घरचा कागद म्हणून तिनं गोळ्यांची रिकामी पट्टी आणली. तिच्यावरचं बारीक अक्षर तिनं पुटपुटत वाचलं. बाई तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत राहिल्या, आणि वर्गाला म्हणाल्या, “एवढं अवघड नाव एकाही अक्षराला न अडखळता वाचलं हिनं. तुमच्यापैकी येतं कुणाला?” कुणालाही आलं नाही.

चार महिने तिची कच्ची वही कोरी होती. बाईंनी घाई केली नाही. मग एका सोमवारी वहीत तीन ओळी आल्या:

‘आई उठत नाही त्या दिवशी मी तिची झोपल्या झोपल्याच वेणी घालते. ती कुठे जाणार नसते. तरी तयार असते.’

आणि खाली बारीक अक्षरात: ‘हे तुमच्यातच ठेवा.’

बाईंनी पेन्सिल उचलली, ठेवली, परत उचलली. लिहिलं, ‘वेणी कुणी शिकवली?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘तिनंच. उठायची तेव्हा.’

वर्ष संपेपर्यंत ते दोन पानं झालं. आणि मार्चमध्ये एका सकाळी पुटपुटीनं पाठ्यपुस्तकातला अख्खा धडा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचला. बाईंनी तिला शाबासकी दिली नाही, पुढचा धडाही तिलाच वाचायला सांगितला.

त्याच महिन्यात बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे वाचायचं नाही, लिहायचं नाही. बाईंना पाणी पिऊ नका म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी वर्ग धाकट्या बाईंवर सोपवला आणि पर्सच्या पट्ट्याची लाल नाडी सोडून त्यांच्या हातात दिली. “कच्च्या वह्या त्यांना लिहायला काढून देत जा आणि परत ठेवत जा. वाचू नकोस. पोरांना तसं सांगितलंय मी.”

“बाई, मला सांगायला हवं का हे?” धाकट्या म्हणाल्या.

खरंच, तिला काय सांगायचं? तिची स्वतःची वही त्याच कपाटात होती. सुट्टीनंतर बाई नवा चष्मा लावून हजर झाल्या तेव्हा किल्ली परत मिळाली, नाडीसकट. बाईंनी ती पट्ट्याला बांधली आणि विसरल्या.

पुटपुटी आता सातवीत, बाईंच्याच वर्गात. एका आठवड्यात बाईंना डोळे तपासायला जावं लागलं, म्हणून तासाला धाकट्या गेल्या आणि ‘माझी आई’ हा निबंध घरून लिहून आणायला सांगून आल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “कोण वाचतंय?” पहिल्या बाकावरचा पोपट लगेच उभा. त्याचं हे नाव आपोआप पडलं होतं. त्याला काहीही एकदा दाखवा, तो घडाघडा म्हणून दाखवायचा. त्यानं वही समोर धरली, पण बघितलं नाही.

“आई उठत नाही त्या दिवशी मी तिची झोपल्या झोपल्याच वेणी घालते. ती कुठे जाणार नसते. तरी तयार असते.”

पोपट पुढे म्हणतच होता. वेणी कुणी शिकवली, तिनंच, उठायची तेव्हा. बाईंच्या पेन्सिलीतल्या प्रश्नासकट सगळं. ‘घालते’ म्हणताना आपण मुलगा आहोत हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. संपल्यावर दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी पुटपुटीकडे बघितलं. ती आधीपासूनच बाईंकडे बघत होती. रडत नव्हती. तिनं फक्त पुढ्यातली वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

“कुठून आणलंस हे?” बाईंनी पोपटाला विचारलं.

“पुस्तकातून बाई. धाकट्या बाईंचं. सगळ्यांकडे आहे,” तो अभिमानानं म्हणाला आणि दप्तरातून गुळगुळीत लाल कव्हरचं पुस्तक काढलं. ‘शंभर आदर्श निबंध’. मागून आणखी आठ-दहा हात ती लाल पुस्तकं नाचवू लागले. बाईंनी पहिलं पान उघडलं. तिथे छापलं होतं: ‘ज्यांनी मला लिहायला शिकवलं, त्या माझ्या मोठ्या बाईंना.’

मधल्या सुट्टीत बाई शिक्षकांच्या खोलीत गेल्या तेव्हा धाकट्या डबा उघडून त्यांची वाट बघत होत्या. बाईंच्या हातात पुस्तक दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

“अगं बाई, कुणी दाखवलं? मी शनिवारी घरी येऊन देणार होते. अर्पणपत्रिका बघितलीत?”

“हे कुठून आलं?”

“कुठून म्हणजे? आपल्या कपाटातून.”

आपल्या. बाईंनी तो शब्द ऐकला आणि पुस्तक डब्याशेजारी ठेवलं.

“मी शब्द दिला होता त्या पोरांना.”

“नाव कुणाचंही घातलेलं नाही बाई. नीट काळजी घेतलीय. आणि अशी भाषा दुसरीकडे कुठे आहे, तुम्हीच सांगा. तिथे पडून वाळवी लागली असती. आता एवढी मुलं वाचतायत.”

“वाचत नाहीत. पाठ करतायत.”

“सुरुवात पाठ करूनच होते ना बाई सगळ्यांची?”

“तुझी झाली होती?”

धाकट्या डब्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.” तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले, पुस्तक बघून म्हणाले, “वा! शाळेचं नाव काढलं हो तुमच्या शिष्येनं. पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना लावून टाकू.” ज्या बाईंचा राग नाकावर असायचा, त्यांना त्या दिवशी राग सापडेना. परक्यानं केलं असतं तर त्यांनी शाळा डोक्यावर घेतली असती. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीला वर वाटत होतं की आपण हार घातला.

संध्याकाळी बाई खिडकीशी पुस्तक घेऊन बसल्या. एकेक निबंध वाचायचा आणि समासात पेन्सिलीनं खूण करायची. हा जिन्याखाली अभ्यास करणारा. ही, जिला बहिणीचे बूट वर्षभर मोठे व्हायचे. हा भावाला दवाखान्यात बघायला गेला आणि लिफ्टमध्येच थांबून राहिला. नवरा शेजारी बसून ऐकत होता. काही पोरं आता बाप्ये झालेली, कुणाची पोरं शाळेत जाणारी. वीस-वीस वर्षांपूर्वीच्या वह्याही धाकट्यांनी सोडल्या नव्हत्या. कपाटाच्या वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत हात फिरला होता.

“कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं,” नवरा म्हणाला. “धुऊन नेलं की सगळं.”

बाईंचं बोट अनुक्रमणिकेवर थांबलं. ‘माझे बाबा’ या विषयावर चार निबंध होते. त्यांनी चारही वाचले, मग परत वाचले. मग सगळं पुस्तक पहिल्यापासून चाळलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी.

“काय शोधतेस?”

“सगळं नाही नेलं,” बाई म्हणाल्या. “एक ठेवलंय.”

सातवीतली ती तिसऱ्या बाकावरची पोरगी वर्गात सगळ्यांना सांगायची की माझे बाबा परदेशात असतात. कच्च्या वहीत तिनं लिहिलं होतं की बाबा दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि मी त्यांना दुकानात एका दुसऱ्या मुलीच्या पाठीवर दप्तर मापून बघताना पाहिलं. त्याखाली बाईंनी प्रश्न लिहिला नव्हता. त्या निबंधाइतकी चांगली भाषा त्या पुस्तकात एकाही पानावर नव्हती, आणि तो त्या पुस्तकात नव्हता.

म्हणजे तिला कळत होतं. वह्या उतरवून घेताना, पानामागून पान, तिला पक्कं कळत होतं की आपण काय करतोय. तोवर बाईंच्या मनात कुठेतरी होतं, की पोर चुकली, हुरळून गेली, समजावू. आता ते उरलं नाही. आणि खोटं कशाला सांगा, त्या रात्री बाईंच्या मनात आलं, की उद्या ती वही घ्यावी आणि भर वर्गात उभं राहून वाचावी. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी.

सकाळी त्या शाळा भरायच्या आधी गेल्या. कपाटाच्या खालच्या खणातून तपकिरी कव्हरची ती वही काढली. धाकट्या त्यांच्या वर्गात फळा पुसत होत्या. बाईंनी वही टेबलावर ठेवली. धाकट्यांनी कव्हर ओळखलं. डस्टर हातातून सुटून खाली पडलं.

“बाई,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज तेरा वर्षांच्या मुलीचा झाला होता. “ही कुणी वाचली नाही ना?”

एवढं विचारल्यावर तरी तिला स्वतःचंच बोलणं ऐकू येईल असं बाईंना वाटलं. पण धाकट्यांनी वही उचलून पोटाशी धरली होती आणि त्या फक्त उत्तराची वाट बघत होत्या.

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी कुणाला दिली नाही.”

त्यानंतर दोघी एका डब्यातून जेवल्या नाहीत.

मधल्या सुट्टीत बाईंनी पुटपुटीला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा होता. तिची कच्ची वही बाईंनी तिच्या हातात दिली.

“ते मी नाही दिलं त्यांना. पण किल्ली मीच दिली होती. त्यामुळे चूक माझी आहे.”

पुटपुटीनं वही उघडून बघितली नाही. तिचे ओठ हलले. बाईंनी पूर्वीसारखा कान तिच्या तोंडाशी नेला.

“तुम्ही आईला पण सांगितलं का?”

“नाही गं. कुणालाच नाही.”

“आईनं ते पुस्तक बघितलं तर?” ती म्हणाली. “शेजारच्या ताईकडे आहे. आईला कळेल की मी सांगितलं.”

एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारत आलेली बाई त्या पोरीच्या एका प्रश्नापुढे हात जोडल्यासारखी उभी राहिली. पुटपुटीनं वही दप्तराच्या अगदी तळाशी, पुस्तकांच्या खाली घातली आणि पाणी प्यायला गेली.

बाईंनी त्या आठवड्यात ज्यांच्या त्यांच्या वह्या परत केल्या. जुन्या पोरांचे पत्ते मिळाले तेवढ्यांना नवऱ्यानं सायकलवरून नेऊन दिल्या. मीटर बघत फिरल्यामुळे त्याला गल्ल्या पाठ होत्या. उरलेल्या बाईंनी घरी नेल्या. कपाटात आता खडू, नकाशे आणि फाटक्या पताका असतात, आणि त्याला कुलूप नाही. कच्ची वही ठेवायला बाईंनी वर्गाला पुन्हा सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

पुटपुटी वाचते. चांगलं, मोठ्यानं वाचते, तेवढं राहिलं. पोरं आता तिला त्या नावानं हाकही मारत नाहीत.

वार्षिक परीक्षेला निबंधाचे विषय बाहेरून आले. तीनपैकी एक, ‘माझी आई’. बाईंनी गठ्ठा घरी आणला आणि खिडकीशी बसून तपासायला घेतला. अकरा जणांनी आईची वेणी घातली होती. त्यांच्या पानांवर बाईंनी लाल शाई फिरवली. बाराव्या पेपरावरचं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी पुटपुटीचा निबंध कच्च्या वहीतला असल्यासारखा सावकाश वाचायला घेतला. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. समास सोडलेला, परिच्छेद नीट पाडलेले. पहिलं वाक्य होतं:

‘माझी आई रोज पहाटे लवकर उठते.’

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. वाक्य तेच होतं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी लाल पेन उचललं आणि दहापैकी नऊ गुण दिले, कारण त्याहून कमी करायला काही सापडलं नाही.